स्कापा फ्लोच्या थंड, खोल पाण्यात उतरण्यापूर्वी

तारकर्ली, नेत्राणी किंवा हॅवलॉकच्या पाण्यात स्कूबा डायव्हिंग शिकलेला माणूस नोकरी-शिक्षणासाठी ब्रिटनला गेला आणि तिथल्या एखाद्या डायव्हिंग क्लबात जाऊ लागला, की लवकरच त्याच्या कानावर स्कापा फ्लो हे नाव पडतं. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटं आहेत. त्या बेटांनी वेढलेलं हे प्रचंड नैसर्गिक बंदर. पहिलं महायुद्ध थांबल्यावर जर्मन आरमाराच्या ७४ नौका इथे आणून नजरकैदेत ठेवल्या होत्या. २१ जून १९१९ रोजी रिअर अ‍ॅडमिरल लुडविग फॉन रॉयटर यांच्या हुकमावरून जर्मन खलाशांनी आपल्याच नौकांमध्ये पाणी सोडलं आणि त्यांतल्या ५२ बुडाल्या. पुढे १९२४ पासून अर्नेस्ट कॉक्स या भंगार व्यावसायिकाने त्यांपैकी कितीतरी वर काढल्या. तीन युद्धनौका आणि चार क्रूझर मात्र अजून तळाशी आहेत. त्या पाहण्यासाठी जगभरातले डायव्हर स्ट्रॉमनेसच्या धक्क्यावर येतात आणि आठवडाभर बोट भाड्याने घेऊन रोज पाण्यात उतरतात.

जायलाच हवं अशी ही जागा आहे. पण आपल्याकडे गरम पाण्यात कमावलेला अनुभव इथे जशाच्या तसा चालत नाही. क्रूझरांपैकी कार्ल्सरूहे साधारण २५ मीटरवर आहे, बाकीच्या तिघी ३५ मीटरच्या आसपास. युद्धनौकांचा तळ ३८ ते ४५ मीटरवर. पाण्याचं तापमान वसंतात ६-७ अंश, सप्टेंबरात फार तर १३-१४. चांगल्या दिवशी दहा-पंधरा मीटरपर्यंत दिसतं, वाईट दिवशी चार-पाच मीटरवर सगळं हिरवट काळोखात जातं. अशा पाण्यात चुका तुमच्या-माझ्या नेहमीच्याच होतात. फरक एवढाच, की त्या निस्तरायला हाताशी असणारा वेळ, गॅस, बोटांची चपळाई आणि डोक्याची स्वस्थता हे सगळं थंडी आणि खोली मिळून कमी करतात. म्हणून तयारीचं एकच सूत्र धरा: प्रत्येक गोष्टीत राखीव वाढवा, आणि ती राखीव किनाऱ्यावर असतानाच मोजा.

आधी पात्रता, मग बुकिंग

अ‍ॅडव्हान्स्ड ओपन वॉटरचं कार्ड ३० मीटरपर्यंतचं असतं. स्कापाच्या बहुतेक नौका त्याच्या खाली आहेत, त्यामुळे ४० मीटरपर्यंतचा डीप डायव्हरचा कोर्स किंवा ब्रिटिश सब-अ‍ॅक्वा क्लबची त्या तोडीची पातळी हवी. ड्रायसूटचं प्रशिक्षण वेगळं घ्यावं लागतं. कार्ड हातात आलं म्हणजे तयारी झाली, असं मात्र समजू नका. ड्रायसूटमधल्या किमान वीस-पंचवीस डाइव्ह आधी झालेल्या असाव्यात. त्यांतल्या काही कमी प्रकाशाच्या, थंड पाण्यात आणि २५ ते ३५ मीटरच्या टप्प्यात असाव्यात. इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांसाठी लेस्टरशरमधली स्टोनी कोव्ह ही पाण्याने भरलेली जुनी खाण सोयीची आहे. तिथे ३५ मीटरपर्यंत खोली मिळते आणि हिवाळ्यात पाणी स्कापाहूनही थंड असतं. मार्च-एप्रिलमध्ये तिथे काढलेले शनिवार-रविवार ऑर्कनीत उपयोगी पडतात.

भारतातून थेट येणाऱ्यांनी हा टप्पा गाळायचा मोह टाळावा. मुंबईहून निघून चौथ्या दिवशी भाड्याच्या ड्रायसूटमध्ये ३५ मीटरवर जाणं हा बेत मुळातच चुकीचा आहे. आधी आठवडाभर इंग्लंडमध्ये थांबून ड्रायसूटचा कोर्स आणि सराव करता येत असेल तर जरूर या. तेवढी सवड नसेल तर सहल पुढच्या वर्षी ठेवा. या नौका शंभर वर्षांहून अधिक काळ तिथेच आहेत.

निघण्यापूर्वी डॉक्टरी तपासणीही करून घ्या, विशेषतः चाळिशी ओलांडली असेल किंवा रक्तदाब असेल तर. थंड पाण्यात हातापायांतल्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त छातीकडे ढकललं जातं आणि हृदयावर ताण येतो. काही जणांच्या फुप्फुसांत अशा वेळी पाणी साठू लागतं. पाण्यात असतानाच धाप लागणं, खोकला येणं, छातीत घरघरणं, फेसाळ किंवा गुलाबीसर थुंकी पडणं ही त्याची लक्षणं. असं झालं तर 'दमलो असेन' म्हणून रेटायचं नाही. डाइव्ह तिथेच संपवून नेहमीच्या वेगाने वर यायचं, पाण्याबाहेर पडायचं, ऑक्सिजन घ्यायचा आणि मदत बोलवायची.

थंडी नेमकं काय करते

पाणी शरीराची ऊब हवेपेक्षा कितीतरी पटींनी वेगाने शोषून घेतं. पहिला फटका बसतो तो तोंडावर गार पाणी लागल्याक्षणी: श्वास अडकतो, मग भराभर चालू लागतो. एक-दोन मिनिटांत हे शांत होतं. ती दोन मिनिटं पृष्ठभागावर शॉटलाइन, म्हणजे नौकेपासून वर तरंगत्या बॉयपर्यंत बांधलेली दोरी, धरून काढा आणि श्वास लयीत आल्यावरच खाली निघा. धापा टाकत खाली गेलेला माणूस तळाशी पोचतो तेव्हा त्याच्या शरीरात कार्बन डायऑक्साइड साठलेला असतो आणि ३० मीटरच्या खाली नायट्रोजनची गुंगी त्याला लवकर गाठते.

दुसरा परिणाम हातांवर होतो. वीस मिनिटांनी बोटं बधिर होऊ लागतात. हुक काढणं, रीलची खिटी सोडणं, व्हॉल्व्ह फिरवणं ही किनाऱ्यावर क्षणात होणारी कामं तिथे मिनिटभर घेतात. म्हणून जे जे हाताने करायचं ते सगळं जाड हातमोजे घालूनच पाठ करा. हातमोजे घालून जे जमत नाही, ते तुम्हाला येतच नाही असं धरून चाला.

तिसरा परिणाम कळायला उशीर लागतो. खाली जाताना आणि तळाशी असताना अंग उबदार असेल तर रक्ताभिसरण जोरात चालतं आणि पेशींत नायट्रोजन भरपूर मुरतो. वर येताना अंग गारठलं असेल तर रक्त हातापायांपर्यंत नीट पोचत नाही आणि मुरलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो. अमेरिकन नौदलाच्या प्रायोगिक डायव्हिंग विभागाच्या चाचण्यांत नेमकं हेच दिसलं: खाली उबदार आणि वर येताना थंड ही जोडी डीकंप्रेशनच्या आजारासाठी सर्वांत वाईट. तुमचा कंप्युटर वेळ आणि खोली मोजतो, तुमची बोटं किती गारठली आहेत हे त्याला कळत नाही. तेव्हा विजेवर तापणारं जाकीट वापरत असाल तर तळाशी ते मंद ठेवा आणि बॅटरी वर येतानासाठी राखा. थंडी वाजू लागली की डाइव्ह संपवा. कुडकुडायला लागेपर्यंत थांबणं म्हणजे उशीर करणं.

अंगावरचं सामान

*ड्रायसूट.* ऊब देतात ते आतले कपडे, सूट फक्त पाणी बाहेर ठेवतो. अंगालगत घाम शोषून घेणारा पातळ थर, त्यावर जाड अंडरसूट. सुती बनियन घालू नका, तो ओला झाला की गारठवतो. प्रत्येक डाइव्हपूर्वी मनगट आणि गळ्याच्या सीलवरून बोट फिरवून पाहा. आतल्या कपड्याचा एक धागा किंवा दुमडलेली कड सीलखाली राहिली तर तेवढ्या वाटेने पाणी आत येतं, आणि ३५ मीटरवर ओला झालेला अंडरसूट पुढचा सगळा वेळ ऊब देत नाही. खांद्यामागची चेन बडीकडून लावून घ्या आणि शेवटपर्यंत लागली आहे ना, हे त्याला बोटाने चाचपून बघायला सांगा.

वजनाची तपासणी रिकामा सिलिंडर धरून करा. टाकीत ५० बार उरलेले असताना ५ मीटरवर सूटमध्ये गरजेपुरती हवा ठेवूनही स्थिर थांबता आलं पाहिजे. वर येताना सूटमधली हवा फुगते. ती सोडण्यासाठी दंडावरचा व्हॉल्व्ह उघडा ठेवून डावा कोपर उंच करायची सवय अंगवळणी पडलेली हवी. हवा पायांकडे गेली तर गुडघे पोटाशी घेऊन कोलांटी मारायची आणि सरळ व्हायचं. हेही उथळ पाण्यात पुन्हा पुन्हा करून बघा.

*रेग्युलेटर.* दाबाखालचा वायू सैल होताना थंड होतो. भोवतालचं पाणीही थंड असेल तर पहिल्या टप्प्यावर बर्फ धरतो, झडप उघडीच राहते आणि टाकी काही मिनिटांत रिकामी होते. म्हणून थंड पाण्यासाठी बनवलेला, पहिला टप्पा सीलबंद असलेलाच रेग्युलेटर आणा. त्यावर १० अंशांहून अधिक तापमानासाठीच असल्याचा शिक्का असेल तर तो इथे चालणार नाही. वर्षभरात सर्व्हिसिंग झालेलं असावं. बोटीवर वारा सुटलेला असताना तोंडात घेऊन उगाच श्वास घेत बसू नका आणि पर्जचं बटण दाबू नका. पाण्यात सूट आणि जाकीट एकाच वेळी फुगवू नका, कारण एकदम जास्त वायू ओढला की गोठण्याचा धोका वाढतो. आणि दोन स्वतंत्र पहिले टप्पे हवेतच: एक गोठला तर त्याचा व्हॉल्व्ह बंद करून दुसऱ्यावर श्वास घेता यायला हवा.

*बाकीचं.* मुख्य टॉर्च आणि एक जादा. दोन कापण्याची साधनं, दोन्ही हातांना पोचतील अशी. स्वतःचा पृष्ठभागावर सोडायचा फुगा आणि ४५-५० मीटर दोरीची रील, प्रत्येकाकडे वेगळी. फुग्यावर जाड अक्षरांत नाव लिहा. शिट्टी आणि जमल्यास डायव्हिंगसाठीचा लोकेटर बीकन. सिलिंडर आणि शिसं बहुतेक बोटींवर मिळतं, ते घरून ओढत आणायची गरज नाही. लघवीची सोय म्हणून सूटला पी-व्हॉल्व्ह बसवा किंवा डायपर वापरा, पण त्या धास्तीने पाणी पिणं बंद करू नका. शरीरात पाणी कमी पडलं की डीकंप्रेशनचा आजार व्हायची शक्यता वाढते.

श्वासाचं गणित

हा भाग कागद-पेन घेऊन वाचा. ३५ मीटरवर एकूण दाब ४.५ बार असतो. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर श्वास लागणाऱ्या माणसाला तिथे ९० लिटर लागतात.

आता राखीव किती हवी ते काढू. समजा तळाशी बडीचा रेग्युलेटर गोठला. आता दोघांनाही तुमच्या टाकीवर वर यायचं आहे. घाबरलेल्या, गारठलेल्या माणसाचा श्वास मिनिटाला ३० लिटर धरा.

– तळाशी सावरायला २ मिनिटं: २ माणसं × ३० लिटर × ४.५ बार × २ मिनिटं = ५४० लिटर.
– ३५ मीटरवरून ५ मीटरवर, मिनिटाला ९ मीटर वेगाने साधारण ४ मिनिटं, सरासरी दाब ३ बार: २ × ३० × ३ × ४ = ७२० लिटर.
– ५ मीटरवर ३ मिनिटांचा थांबा, दाब १.५ बार: २ × ३० × १.५ × ३ = २७० लिटर.
– शेवटच्या ५ मीटरसाठी १ मिनिट: साधारण ७५ लिटर.

बेरीज झाली सुमारे १,६०० लिटर. ही राखीव. १२ लिटरच्या दोन जोडटाक्यांत ती ७० बारला बसते. १२ लिटरच्या एकाच टाकीत तीच राखीव १३५ बार होते, म्हणजे २०० बारची टाकी घेऊन निघालात तर वापरायला ६५ बारच हातात राहिले. खाली जाणं आणि तळाशी फिरणं दोन्ही त्यातच. आपल्याकडे २० मीटरवर एका टाकीत आणि '५० बारला वर' या नियमात सगळं सुखरूप पार पडतं. इथे तो नियम दोघांनाही पुरणार नाही. म्हणून ३५ मीटरसाठी जोडटाकी शिकून घ्या. निदान खोलीला पुरेल एवढ्या मोठ्या टाकीसोबत पूर्णपणे स्वतंत्र अशी जादा टाकी घ्या. तीही नसेल तर कार्ल्सरूहेसारख्या उथळ नौकेवर समाधान माना.

जोडटाकीत गॅस भरपूर उरतो म्हणून तळाशी वाटेल तेवढं थांबायचं, असंही नाही. ३५ मीटरवर साध्या हवेवर विनाडीकंप्रेशन मर्यादा १५ मिनिटांच्या आतच संपते. तिच्या पलीकडे जायचं तर टप्प्याटप्प्याने थांबत वर येण्याचं रीतसर प्रशिक्षण हवं. नायट्रॉक्सने ही वेळ वाढते, पण ऑक्सिजन वाढवला की खोलीची मर्यादा वर सरकते. आंशिक दाब १.४ बारच्या आत ठेवायचा तर ३२ टक्के मिश्रणाची मर्यादा ३३ मीटर आणि २८ टक्क्यांची ४० मीटर. म्हणून क्रूझरांसाठी बरेच जण २८ टक्के भरून घेतात. मिश्रण कितीही भरवशाच्या माणसाने भरलेलं असो, विश्लेषक लावून आकडा स्वतः वाचायचा, टाकीवर चिकटपट्टीने लिहायचा आणि कंप्युटरमध्ये तोच घालायचा.

बोट आणि स्किपर

स्ट्रॉमनेसच्या डाइव्हबोटींतल्या बऱ्याच जुन्या मासेमारी बोटी आहेत, डायव्हरांसाठी नव्याने बांधून घेतलेल्या. साधारण बारा जणांची सोय असते. एखादा क्लब शनिवार ते शनिवार अशी आख्खी बोट घेतो. एकट्यादुकट्याने जायचं असेल तर अशा क्लबच्या रिकाम्या जागेसाठी आधीपासून विचारून ठेवावं लागतं. बुकिंग करताना विचारायचे प्रश्न असे: बोटीला ब्रिटनच्या मेरिटाइम अँड कोस्टगार्ड एजन्सीच्या नियमांप्रमाणे प्रमाणपत्र आहे का? डायव्हर लिफ्ट आहे का? ऑक्सिजन किती वेळ पुरेल? नायट्रॉक्स कोणत्या टक्क्यांपर्यंत भरून मिळतो? सध्या सुरू असलेलं सगळ्यांत जवळचं रिकंप्रेशन चेंबर कुठे आहे? उत्तरं देताना जो स्किपर वैतागतो, त्याची बोट घेऊ नका.

आपल्याकडच्या आणि इथल्या पद्धतीत एक मोठा फरक आहे. तारकर्लीत किंवा गोव्यात डाइव्ह सेंटरचा माणूस पुढे असतो, तो घेऊन जातो आणि घेऊन येतो. स्कापात स्किपर तुम्हाला नौका नेमकी कशी पडली आहे, शॉटलाइन कुठे बांधली आहे, कोणत्या बाजूने काय दिसेल हे अतिशय बारकाईने सांगतो. पण पाण्याखालचा निर्णय तुमचा आणि तुमच्या बडीचा. किती खोल, किती वेळ, किती बारला परत, हे दोघांनी आधी ठरवायचं आणि स्लेटवर लिहायचं. सोबत गाइड हवा असेल तर बुकिंगच्या वेळीच सांगा. त्यात कमीपणा नाही.

बडी निवडताना मैत्री बघू नका, सवयी बघा. जो दर दोन-तीन मिनिटांनी तुमच्याकडे वळून पाहतो, ज्याचा श्वास शांत आहे आणि जो 'परत' म्हटल्यावर वाद घालत नाही, तो चांगला बडी.

डाइव्हचा दिवस

पहिल्याच दिवशी युद्धनौकेवर जायचा आग्रह धरू नका. पहिली डाइव्ह कार्ल्सरूहेवर किंवा त्याहून उथळ ठिकाणी करा. वजन, सूट, हातमोजे सगळं जुळलंय ना, ते बघा. मग क्योल्न, ब्रुमर, ड्रेस्डेन. या क्रूझर कुशीवर कलंडलेल्या आहेत, त्यामुळे डेक समोर भिंतीसारखा उभा दिसतो आणि कुठे आहोत हे कळायला सोपं जातं. क्योनिग, मार्कग्राफ आणि क्रोनप्रिन्झ विल्हेल्म या युद्धनौका उलट्या पडल्या आहेत. सुमारे १७५ मीटर लांबीचं ते पोलाद अंगावर येतं. मार्कग्राफचा तळ ४५ मीटरवर, म्हणजे हौशी डायव्हिंगच्या ४० मीटरच्या मर्यादेखाली आहे. पण तिची पाठ २५ मीटरच्या आसपास असल्याने वरच्या अंगाने फिरूनही पुष्कळ पाहता येतं. क्रोनप्रिन्झ विल्हेल्मच्या ३०.५ सेंटिमीटर तोफा तळालगत दिसतात. त्यांच्यासाठी ३५ मीटरच्या खाली जावं लागतं, तेव्हा आठवड्याच्या उत्तरार्धात, हात बसल्यावरच.

दिवसात दोन डाइव्ह, खोल आधी आणि उथळ नंतर, मध्ये निदान दोन-तीन तासांची विश्रांती. दुपारी पुष्कळ बोटी हॉय बेटावरच्या लायनेसला लागतात. तिथलं स्कापा फ्लोचं संग्रहालय बघून घ्या, म्हणजे पाण्याखाली जे पाहिलं त्याचा संदर्भ लागतो.

बंदराच्या आत वाऱ्यापासून आडोसा आहे, पण बर्रा साउंडसारख्या अरुंद वाटांतून भरती-ओहोटीचं पाणी प्रचंड वेगाने वाहतं. तिथल्या, वाट अडवण्यासाठी बुडवलेल्या नौकांवर पाणी थांबतं तेवढ्या थोड्या अवधीतच उतरता येतं. आपल्या कोकणातल्या दर्यावर्दींना ठाऊक असलेला नियम इथेही लागू: अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओढ जोरात, अष्टमीच्या आसपासच्या भांगाला कमी. स्किपरने दिलेली वेळ मिनिटाने पाळा.

बोट लागत असेल तर गोळी उलटी झाल्यावर नाही, निघण्याआधी घ्यायची असते. पण काही गोळ्यांनी सुस्ती येते आणि ती ३० मीटरखालच्या गुंगीत भर घालते. कोणती गोळी मानवते ते घरी असतानाच पाहून ठेवा. आलेपाक बरोबर असू द्या.

आता उडी. तयार होऊन बाकावर बसा, दोघांनी एकमेकांचं सगळं तपासा: दोन्ही व्हॉल्व्ह पूर्ण उघडे, सूटची नळी जोडलेली, रेग्युलेटरमधून चार श्वास घेताना दाबमापकाचा काटा हलत नाही ना. स्किपर बोट शॉटलाइनजवळ आणतो, पंखा गिअरमधून काढतो आणि मग 'जा' म्हणतो. त्याआधी कुणीही हलायचं नाही. म्हटल्यावर रेंगाळायचंही नाही, कारण बोट वाऱ्याने सरकत असते.

शॉटलाइन हाताच्या अंतरात ठेवून खाली जा. ५-६ मीटरवर थांबून एकमेकांच्या टाक्यांतून बुडबुडे येत नाहीत ना, ते पाहा. तळाशी पोचल्यावर मिनिटभर स्थिर राहा, कंप्युटर वाचा आणि बडीला आकडा बोटांनी दाखवा. त्याने चुकीचा किंवा खूप उशिरा प्रतिसाद दिला तर गुंगी आहे असं समजून लगेच पाच-दहा मीटर वर या. पोलादावर पांढऱ्या-नारिंगी अ‍ॅनिमोनी आणि बोटांसारखी मऊ प्रवाळं दाट वाढलेली असतात, रास मासे जवळ येऊन बघतात. हे पाहायला शांत श्वास आणि सावकाश पंखे हवेत. नौकांच्या आत मात्र शिरू नका. शंभर वर्षांच्या पत्र्याचा भरवसा नाही, आणि आतला गाळ एकदा उठला की बाहेरची वाट दिसत नाही. त्यासाठी वेगळं प्रशिक्षण लागतं.

ठरलेल्या बारला किंवा ठरलेल्या मिनिटाला, जे आधी येईल तेव्हा, वर निघा. शॉटलाइन सापडली नाही तर शोधत बसू नका, फुगा सोडा आणि त्याच्या दोरीवर वर या. फुग्याचा कोणता रंग संकटाचा मानायचा हे स्किपरला सकाळीच विचारून घ्या.

पृष्ठभागावर आल्यावर मास्क आणि रेग्युलेटर जागेवर ठेवा, फुगा उभा धरा आणि बोटीकडे पाहून ठीक असल्याची खूण करा. बोटीकडे पोहत जाऊ नका, ती तुमच्याकडे येईल. बाजूला लिफ्ट पाण्यात उतरवलेली असते. तिच्यावर पंखांसह उभं राहायचं, दोन्ही दांडे धरायचे आणि गुडघे किंचित वाकवायचे. बोट डुलत असते, म्हणून लिफ्ट वर थांबून कुणी हाताला धरेपर्यंत दांडे सोडायचे नाहीत.

वर आल्यानंतर

कोरडे कपडे, टोपी, गरम चहा आणि आराम. लगेच कढत पाण्याचा शॉवर नको आणि जड टाक्या उचलणंही नको. दोन्हींमुळे बुडबुडे तयार व्हायला मदत होते.

सांध्यात दुखणं, त्वचेवर चट्टे, मुंग्या, चक्कर, पाय लटपटणं किंवा कारण नसताना आलेला गळून जाण्याइतका थकवा यांपैकी काहीही जाणवलं तर ताबडतोब सांगा. डायव्हर लपवतात, कारण सगळ्यांचा आठवडा आपल्यामुळे बिघडेल असं त्यांना वाटतं. डीकंप्रेशनच्या आजारात उपचाराला झालेल्या उशिराचा प्रत्येक तास महाग पडतो. शुद्ध ऑक्सिजन लगेच सुरू करायचा, व्हीएचएफच्या १६ क्रमांकाच्या चॅनेलवर कोस्टगार्डला कळवायचं, पुढचं डॉक्टर ठरवतील. दुखणं ऑक्सिजनने थांबलं तरी डॉक्टरला दाखवायचंच. प्रवासविम्यात डायव्हिंगची खोली किती मीटरपर्यंत धरली आहे हे घरूनच वाचून या. पुष्कळ पॉलिसी ३० मीटरला थांबतात.

परतीचं विमान शेवटच्या डाइव्हनंतर २४ तासांच्या आत ठेवू नका. स्ट्रॉमनेसहून स्क्रॅबस्टरला दीड तासाची फेरी आहे, तिथून जवळच्या थर्सोला रेल्वे मिळते. तो सावकाश प्रवासच उत्तम.

या पाण्याचा मान

सातही जर्मन नौकांना २००१ पासून कायद्याचं संरक्षण आहे. तिथून स्क्रूसुद्धा उचलायचा नाही. स्कापातल्या दोन नौकांवर तर डायव्हिंगच करायचं नाही. ९ जुलै १९१७ रोजी स्फोटात बुडालेली एचएमएस व्हॅनगार्ड आणि १४ ऑक्टोबर १९३९ रोजी यू-४७ या जर्मन पाणबुडीने बुडवलेली एचएमएस रॉयल ओक. प्रत्येकीवर आठशेहून अधिक माणसं गेली. त्या युद्धसमाधी आहेत आणि कायद्याने बंद आहेत. जवळून जाताना एवढं लक्षात असू द्या.

निर्णय कुणाचा?

पुढच्या उन्हाळ्यात जायचं असेल तर आताच बोट आणि बडी ठरवा. हिवाळ्यात ड्रायसूट आणि जोडटाकी शिका, रेग्युलेटर सर्व्हिसिंगला द्या. वसंतात थंड खाणीत सराव करा आणि तिथे तुमचा श्वास मिनिटाला खरोखर किती लिटर आहे ते मोजा. मग वरचं गणित स्वतःच्या आकड्याने पुन्हा मांडा. मे महिन्यात एकमेकांना प्रामाणिकपणे विचारा: आपण तयार आहोत का? उत्तर 'नाही' असेल तर तारीख बदला किंवा उथळ नौकांचाच आठवडा ठरवा.

आणि बोटीवर गेल्यावर एक नियम सगळ्यांनी मिळून पहिल्याच संध्याकाळी मोठ्याने बोलून घ्या: कोणीही, कधीही, कारण न देता डाइव्ह रद्द करू शकतो. रात्री झोप झाली नाही, सील ओलं वाटतंय, मन लागत नाही, काहीही असो. त्याला कुणी का म्हणून विचारायचं नाही आणि कुणी टोमणा मारायचा नाही. पैसे भरलेले असतात, सुट्टी मोजून मिळालेली असते, बाकीचे तयार होऊन बसलेले असतात. अशा वेळी 'आज नको' म्हणणं सर्वांत अवघड जातं. ते सोपं करून ठेवणं ही आख्ख्या गटाची जबाबदारी आहे. ज्या बोटीवर हे दोन शब्द सहज म्हणता येतात, तिच्यावरच जा.